जुनं नाव, नवी गाडी: सिएरा परत आली, पण ती 'तीच' आहे का?



साकोलीच्या प्रशिक्षणात दुपारच्या चहाला एकाच टेबलावर दोन गोष्टी घडल्या. व्हिडिओत त्यातलं निम्मंच आलं, कारण वेळ पुरला नाही. उरलेलं इथे लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे एक भांडण. जवळच गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, तिथे गिअरबॉक्स बनतात. त्यामुळे या पट्ट्यात गाडीवर बोलणाऱ्या माणसाला बऱ्याचदा गाडीतलं खरोखर कळतही असतं. पंचेचाळिशीतले दोघे जण टाटाच्या नव्या सिएरावरून जुंपले होते. एक म्हणे, "नाव सिएरा अन् दारं पाच. मंग सिएरा कशाची भाऊ? दुसरं नाव द्यायचं होतं." दुसरा म्हणे, "तीन दाराची आली असती त घेतली असतीस का तू? आईला मागं कशी बसवली असती, सीट वाकवून?" पहिला गप्प झाला, पण पटलेलं नव्हतं. चहाचा कप त्याने जरा जोरातच ठेवला.

दुसरी गोष्ट त्याच टेबलाच्या कोपऱ्यात. भंडारा शहरातला एक तरुण, वय सत्तावीस-अठ्ठावीस. आजोबांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं, ते बंद होऊन चौदा वर्षं झाली. आता त्याला पुन्हा सुरू करायचंय: थोडं पितळ, थोडं तांबं, पण जास्त करून स्टील आणि नॉनस्टिक. भांडण ऐकून तो मला म्हणाला, "सर, आमच्या दुकानाचं नाव जुनंच ठेवू का? लोकांच्या लक्षात आहे अजून."

तेव्हा मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याकडे ते नव्हतंच. गाड्यांचं भांडण नीट समजून घेतल्यावर ते सापडलं.

आधी सिएराची गोष्ट

टाटाची पहिली सिएरा १९९१ मध्ये आली. टाटामोबाइल नावाच्या पिकअपच्या पायावर ती बांधलेली होती. दारं तीन: दोन पुढे, एक मागे. मागच्या बाजूला छतापर्यंत वळलेली मोठी काच, आणि ती उघडायची नाही. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं. त्या काळात गाडी म्हणजे अँबेसेडर, फियाट किंवा मारुती ८००. त्यात ही रस्त्याने गेली की माणसं वळून बघायची. वळून बघणारे पुष्कळ होते, घेणारे फार थोडे. गाडी महाग होती आणि कुटुंबाला गैरसोयीची होती.

नंतर ती बंद झाली. मग २०२० च्या ऑटो एक्स्पोमध्ये टाटाने सिएरा नावाचं एक इलेक्ट्रिक कन्सेप्ट मॉडेल दाखवलं आणि जुनी मंडळी जागी झाली. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी सिएरा बाजारात आली, सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ११ लाख ४९ हजार. पाच दारं, नवा सांगाडा, आत मोठाले स्क्रीन. मागच्या खिडकीभोवती काळा भाग देऊन त्या वळणदार काचेची आठवण मात्र ठेवली आहे.

आजच्या भाषेत ही क्रॉसओव्हर. म्हणजे काय? पूर्वीच्या जीपवजा गाड्यांना खाली लोखंडी चौकट असायची आणि वर बॉडी बसवलेली असायची. क्रॉसओव्हर म्हणजे कारसारखाच एकसंध सांगाडा, फक्त उंच. बसायला सोपी, चालवायला हलकी, गतिरोधकाला पोट न घासणारी. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त एसयूव्ही म्हणवणाऱ्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक आतून अशाच. म्हणून जुनं नाव परत आलं की ते बहुतेक वेळा क्रॉसओव्हरवरच बसतं. धंदा तिथे आहे.

हे जगभर चाललंय. मित्सुबिशीची एक्लिप्स ही दोन दारांची स्पोर्ट्स कार होती; २०१७ पासून ते नाव एक्लिप्स क्रॉस नावाच्या उंच गाडीवर आलं. फोर्डची प्यूमा छोटी कूपे होती, २०१९ मध्ये क्रॉसओव्हर झाली. कॅप्री तर युरोपातल्या कामगार पोरांचं स्वप्न. २०२४ मध्ये ती इलेक्ट्रिक क्रॉसओव्हर होऊन आली. आणि सगळ्यात मोठा आरडाओरडा झाला मस्टँग माक-ई वर. नोव्हेंबर २०१९ मध्ये फोर्डने मस्टँग हे नाव चार दारांच्या, बिनआवाजाच्या इलेक्ट्रिक गाडीला दिलं, तेव्हा शौकिनांनी डोक्यावर हात मारून घेतला. फोर्डने एक शहाणपणा केला: दोन दारांची, पेट्रोलची, गुरगुरणारी मस्टँग बंद केली नाही. ज्याला ती हवी त्याच्यासाठी ती शोरूममध्ये उभीच होती.

आठवण दोन प्रकारची असते

मला भांडणात खटकलेली गोष्ट ही. सिएरावर चिडलेल्या त्या भाऊंना मी विचारलं, "तुम्ही जुन्या सिएरात बसलात कधी?" म्हणाले, "नाही, एक साहेब होते, त्यांची होती. आम्ही पोरं बघायला जमायचो."

म्हणजे त्यांची आठवण वापराची नव्हतीच. हवीहवीशी वाटलेल्या वस्तूची ती आठवण होती, काचेच्या बाहेरून पाहिलेली. अशा आठवणीला नेमकं काय हवं असतं? दिसणं. ती काच, तो डौल. मागच्या सीटवर गुडघे आखडतात का, हे तिला माहीतच नाही. म्हणून टाटाने दारं पाच केली तरी बहुतेकांनी चालवून घेतलं. चिडले ते थोडे, आणि त्यातले बरेचसे घेणारे नव्हतेच. हे माझं मत आहे, शौकीन मंडळींनी रागावू नये.

आता सफारी बघा. सफारी १९९८ मध्ये आली. हिच्यात माणसं बसली, नदीपात्रातून, चिखलातून, जंगलातल्या वाटेवरून गेली. लष्करानेही २०१७ मध्ये सफारी स्टॉर्मच्या ३,१९२ गाड्यांची मागणी दिली होती. सफारी म्हणजे कुठेही जाणारी, हा वापरून आलेला अनुभव होता. पुढे हीच टाटा २०२० च्या एक्स्पोमध्ये ग्रॅव्हिटास नावाची एक मोठी, तीन रांगांची गाडी दाखवते, आणि २०२१ मध्ये ती बाजारात आणताना तिला सफारी हे नाव देते. गाडी चांगली आहे, आरामदायी आहे. छताची पायरी आणि वरचे रेल जुन्या सफारीची आठवण म्हणून राखले आहेत. पण फोर बाय फोर नाही. ताकद फक्त पुढच्या चाकांना.

इथे शौकिनांचा राग वेगळ्या जातीचा होता. "दिसायला सफारी आहे, पण सफारी जिथे जायची तिथे ही जात नाही." याला उत्तर देणं अवघड. कारण ही आठवण हाताची आहे, ज्याने एकदा तो गिअर टाकून गाडी चिखलातून काढली त्याची आहे.

म्हणजे नुसत्या पाहिलेल्या वस्तूचं नाव पुन्हा वापरलं तर लोक बरंच माफ करतात. वापरलेल्या वस्तूचं वापरलं तर फार कमी.

मारुतीची झेन आठवा. १९९३ ची, बुटकी, जमिनीला चिकटून पळणारी, तरुणांची लाडकी. ती बंद झाली आणि २००६ च्या शेवटी झेन एस्टिलो आली. ही उंच, डब्यासारखी, स्वभावाने पूर्ण वेगळी. गाडी वाईट नव्हती, घरातल्यांना सोयीची होती. पण झेन चालवलेल्या माणसाला त्यात झेन सापडेना. २००९ मध्ये कंपनीने नावातून झेन काढलं, नुसती एस्टिलो ठेवली. तीन वर्षांत स्वतःचंच नाव स्वतःच खोडलं.

उलट बलेनो. १९९९ ची बलेनो सेडान मोजक्या लोकांनी घेतली, त्या मोजक्यांनी फार प्रेम केलं, पण बाकी देशाच्या मनात त्या नावाची जागा जवळपास कोरी होती. २०१५ मध्ये तेच नाव हॅचबॅकवर आलं आणि धडाक्यात चाललं. आज पंचविशीतल्या कोणालाही विचारा, बलेनो म्हणजे हॅचबॅकच. सेडानचे जुने चाहते अजून कुरकुरतात. त्यांचं बरोबर आहे, पण ते फार थोडे आहेत.

चेतकने काय सांभाळलं

आपल्या पुण्याचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. बजाज चेतक १९७२ पासूनची. महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे लोक. सकाळी सुरू होईना तर स्कूटर एका बाजूला आडवी करायची, मग किक. हे ज्यांच्या घरी झालंय त्यांना सांगायला नको. वापरलेली आठवण म्हणतो ती हीच.

ऑक्टोबर २०१९ मध्ये बजाजने इलेक्ट्रिक चेतक दाखवली आणि जानेवारी २०२० मध्ये पुणे आणि बेंगळुरूपासून विक्री सुरू केली. इंजिन नाही, किक नाही, गिअर नाही. म्हणजे जुन्या चेतकमधलं जवळजवळ काहीच नाही! मग नाव का टिकलं?

बॉडी पत्र्याची ठेवली म्हणून, असं मी म्हणतो. बाजारातल्या बाकीच्या बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटर प्लॅस्टिकच्या. शोरूममध्ये जुन्या पिढीचा माणूस आला की काय करतो? बोटाने टकटक करून बघतो. पत्र्याचा आवाज आला की त्याचा चेहरा बदलतो. चेतक म्हणजे मजबूत, ठोकली तरी पोचा पडेल पण फुटणार नाही, ही एक गोष्ट त्यांनी सांभाळली, आणि ती नेमकी ग्राहक हाताने तपासतो ती गोष्ट होती. बाकी सगळं बदललं तरी चाललं.

महिंद्राने तिसरी वाट धरली. २०२२ मध्ये स्कॉर्पिओ एन आणली, पण जुनी स्कॉर्पिओ 'क्लासिक' म्हणून चालूच ठेवली. त्याआधी २०२१ मध्ये टीयूव्ही ३०० या आपल्याच गाडीला सुधारून बोलेरो निओ नाव दिलं, आणि मूळ बोलेरोला हात लावला नाही. शौकीन मंडळी बोलेरो निओला 'खरी बोलेरो नव्हे' म्हणून नावं ठेवतात. ठेवोत. गावातल्या ठेकेदाराला खरी बोलेरो हवी असेल तर ती शेजारीच उभी आहे. भांडायला जागाच उरत नाही.

आता आपल्या दुकानाकडे

त्या तरुणाला मी संध्याकाळी फोन केला. विचारलं, "आजोबांच्या दुकानाची लोकांना आठवण आहे म्हणतोस, ती कसली? दुकान दिसायचं कसं याची, की तिथून काय नेलं याची?"

तो म्हणाला, "सर, नेलं त्याची. गुंड, गंज, कोपर. लग्नात द्यायचे सगळे. आजोबा वजन चोख करायचे. भांड्यावर नाव टाकून द्यायचे. अन् जुनं भांडं आणलं की मोड घ्यायचे, घट सांगून. कोणाला फसवलं नाही कधी."

भंडाऱ्याला पितळेचं गाव म्हणतात ते उगीच नाही. इथल्या घरात चाळीस वर्षांपूर्वीच्या गुंडावर आजही मामाचं नाव आणि लग्नाची तारीख वाचता येते. म्हणजे या दुकानाचं नाव सफारीच्या जातीचं आहे, सिएराच्या नाही. हाताची आठवण. माफी कमी.

मग पुढचा प्रश्न. "एखादी आजी येईल, पाटीवर ते नाव बघून. ती काय तपासेल?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "हातात घेऊन वजन बघेल. आणि विचारेल, मोड घेता का म्हणून."

आणि दुकानात असणार पातळ स्टील आणि नॉनस्टिक. नॉनस्टिकची मोड काय घेणार? त्याचा थर गेला की ते भंगारच. म्हणजे आजी टकटक करून बघणार आणि आवाज प्लॅस्टिकचा येणार. त्या क्षणी चौदा वर्षं जपलेलं नाव झेन एस्टिलो होतं.

यावर त्याने स्वतःच वाट काढली, मी नाही. जुनं नाव फक्त पितळ-तांब्याला. तिथे वजनकाटा समोर, मोड चालू, नाव टाकायचं मशीनही घेणार, मग लहान का होईना. स्टील-नॉनस्टिकचा कोपरा वेगळ्या, नव्या नावाने. दुकान एकच, नावं दोन. पितळेचा माल आधी थोडाच ठेवणार, कारण भांडवल अडकतं. हे महिंद्राचंच गणित झालं, पण त्याला ते तसं सुचलं नव्हतं.

नावावर हक्क कोणाचा?

इथे बरेच जण घसरतात म्हणून जरा थांबून सांगतो. दुकानाचं गुमास्ता लायसन्स, उद्यम नोंदणी, जीएसटी, यातल्या कशानेही नाव तुमचं होत नाही. ती व्यवसायाची नोंद झाली. नावासाठी ट्रेडमार्क वेगळा. ऑनलाइन अर्ज, व्यक्ती किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये सरकारी फी. भांड्यांचा वर्ग २१, गाड्यांचा १२, तांदळाचा ३०. तुम्ही चिन्नोरची पिशवी विकणार असाल तर ३० बघायचा, भांडी विकणार असाल तर २१. नोंदणी १० वर्षं चालते, मग नूतनीकरण. आणि नोंदवून नाव न वापरता पाच वर्षांहून जास्त पडून राहिलं तर दुसरा कोणी ते काढून टाकायला अर्ज करू शकतो. उलट, नोंदणी नसली तरी जो आधीपासून सलग वापरतोय त्याच्या बाजूने कायदा झुकतो. म्हणून जुनी बिलं, जुन्या पावत्या, पाटीचे फोटो फेकू नका.

नाव पडून राहिलं की काय होतं ते येझदीने दाखवलं. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९९६ मध्ये मोटरसायकली बनवणं बंद केलं. पुढे कंपनी अवसायनात गेली. नाव नव्या लोकांनी नोंदवलं, २०२२ मध्ये नव्या येझदी रस्त्यावर आल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने नाव जुन्या कंपनीचंच ठरवलं. नंतर खंडपीठाने तो निकाल फिरवला. शौकीन 'ही खरी येझदी का' म्हणून वाद घालत होते तेव्हा कोर्टात त्याहून मूळचा वाद चालू होता.

आणि वकिलांची फौज असलेली कंपनीसुद्धा कधी बाजूला होते. महिंद्राने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये 'बीई ६ई' नावाची इलेक्ट्रिक गाडी दाखवली, इंडिगो विमान कंपनी '६ई' या खुणेसाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि महिंद्राने गाडीचं नाव 'बीई ६' करून पुढचं काम सुरू ठेवलं. बाजारात गाडी उतरवायची असताना नावासाठी अडून बसणं त्यांना परवडणारं नव्हतं. आपल्याला तर नाहीच नाही.

आमच्या तरुणाच्या बाबतीत गुंता घरातच निघाला. आजोबांना दोन मुलं. याचे बाबा नोकरीत गेले, दुकान शेवटपर्यंत काकांनी सांभाळलं आणि त्यांनीच ते बंद केलं. काका नागपूरला असतात, त्यांचाही मुलगा आहे. उद्या त्याने त्याच नावाने नागपुरात भांडी विकली तर? दोघेही नातूच. मी म्हटलं, अर्ज भरायच्या आधी काकांकडे जा. फोन करू नको, जा. नाव कोण वापरणार, कशासाठी, दुसऱ्याने वापरायचं ठरवलं तर काय, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घे. नात्यात कागद काढला की वाईट दिसतं, मला कळतं. पाच वर्षांनी वकिलामार्फत काढला की त्याहून वाईट दिसतं.

मागच्या रविवारी तो जाऊन आला. काका आधी काही बोलले नाहीत. मग आतून एक कापडाची पुरचुंडी घेऊन आले. त्यात दुकानाचा लोखंडी ठसा होता, भांड्याच्या बुडाला ठोकायचा, अक्षरं थोडी झिजलेली. काकांनी तो त्याच्या हातावर ठेवला, वजन बघू दिलं, आणि परत पुरचुंडीत बांधला. म्हणाले, "पहिला गुंड बनव. घेऊन ये. मी बघतो, मग देतो."

तो आता ओतकाम करणारा कारागीर शोधतोय.